मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? तो ‘पडून राहा’वाला मेसेज मानू नका

आमच्या नांदेड-परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरायलाय. मणक्यात गॅप असंल आन ऑपरेशन ठरलं तर महिनाभर आधी पूर्ण पडून राहा, डाळ-अंडी बंद करा नाहीतर किडनी जाते, आन माणूस अंगानं भरलेला असंल तर काही भ्या नाही, धोका फक्त वयाचा आन शुगरचा. माझ्या मामीनं हे खरं मानून भाकरीसोबत वरण घेणंच सोडलं होतं म्हणून लिहायलोय.

पडून राहण्याचं आधी. 2007 साली एका अभ्यासात चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसांना 10 दिवस फक्त अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायाचा जवळपास 1 किलो स्नायू गेला. आता आपल्याकडं तर माणूस आधीच दुखण्यानं महिनो न् महिने हललेला नसतो, त्याला आणखी महिनाभर झोपवायचं म्हणजे आहे ती ताकद पण घालवायची. डॉक्टरनं मुद्दाम झोपा म्हणलं असंल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जमंल तेवढं चालायचंच.

अंगानं भरलेला म्हणजे ताकदवान हे तर साफ चूक. वजन चरबीचं पण असतं. मामीचं वजन बघून तिला कोणी अशक्त म्हणणार नाही, पण खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेकल्याशिवाय तिला उठताच येत नव्हतं. एमआरआयवर डॉक्टरनं दाखवलं, मणक्यामागचा स्नायू जिथं काळपट दिसायला पाहिजे तिथं चरबीचे पांढरे पट्टेच पट्टे. ह्या स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात, नाव 1989 पासूनचं आहे.

आन धोका फक्त वय-शुगरचा? तो आहेच, पण स्नायू गेलेल्या पेशंटला दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागतं, गुंतागुंत जास्त होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय (काहींत फरक दिसला नाही, हे पण खरं). कारण सरळ आहे. मांडवाचा खांब नुसता रोवून उभा राहत नाही, दोर ताणलेले लागतात, तसं ऑपरेशनात मणक्याला स्क्रू-रॉड घातले तरी पाठ धरून ठेवायला स्नायू लागतो. जखम भरायला शरीर प्रोटीन स्नायूतूनच काढतं. खोकून कफ काढायची ताकद नसली की छातीत इन्फेक्शन, पाय लटपटले की पडायचं भ्या.

किडनीचं म्हणाल तर ज्याला किडनीचा आजार आहे त्यानं डॉक्टरला विचारूनच खावं. बाकी म्हाताऱ्या माणसाला किलोमागं रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम. भाकरी-ठेच्यावर हे भागत नाही, तुरीचं घट्ट वरण, मटकी, दही, शेंगदाणे, अंडी रोज ताटात पाहिजेत.

घरी बघायचं असंल तर हात छातीशी बांधून खुर्चीवरून 5 वेळा उठा-बसा, कोणीतरी जवळ उभं ठेवून. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर सर्जनला आधीच सांगा, फिजिओ सुरू करा.

फक्त लघवी-संडासचा कंट्रोल गेला, जांघेत बधिर झालं किंवा पायातली ताकद झपाट्यानं जायली तर खाणं-व्यायाम काही बघत बसू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.