वरून तर वाळलंय की!

चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, तिसऱ्या लाटेच्या शेंड्यावर, सध्या एक अंगठा उमटलेला आहे. शेजारच्या काकांचा. ठसा इतका स्वच्छ, की कुठल्याही कागदपत्रावर खपून जाईल. कॅनव्हास माझा, जेल माझं, वाया गेलेले चार दिवसही माझेच.

काका पेपर परत द्यायला आले आणि ईझलपाशी थबकले. मग डब्यात डोकावले.

"हे काय रे?"

"जेल."

"डोक्याला लावायचं?"

"चित्राला. रंगाला जाडी यायला."

"पण हे पांढरं आहे. तुझा समुद्र तर निळा."

"वाळलं की पारदर्शक होतं, काका."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे दिसणारच नाही?"

"नाही."

"मग लावतोस कशाला?"

या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते दारात उभ्या माणसाला देण्याइतकं छोटं नाही. तरी दिलं. जाड जेल म्हणजे रंगद्रव्य वगळलेला अ‍ॅक्रिलिक रंगच. पॉलिमरचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून ते ओलं असताना दुधी दिसतं. पाणी उडालं की कण एकमेकांना बिलगून सलग, पारदर्शक पडदा होतो. एक भाग रंगाला तीन भाग जेल घेतलं, की सुरीने ओढलेली लाट उभी राहते, बसत नाही, आणि तिच्यातून खालचा थरही थोडा दिसतो. मात्र ओलं असताना निळा फिका वाटतो. त्याला भुलून आणखी रंग ओतला, की वाळल्यावर समुद्राची शाई होते. म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पट्टा ओढून, तो वाळवून बघायचा. कालवतानाही फेटायचं नाही, सुरीने घडी घातल्यासारखं हलकेच परतायचं; नाहीतर आत हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळल्यावर लाटेला देवीचे व्रण येतात.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भिंतीची पुट्टी काय वाईट?"

वाईट काही नाही, भिंतीवर. भिंत हलत नाही. कॅनव्हास ढोलासारखा ताणलेला असतो, हवेतल्या दमटपणाने सैल-घट्ट होतो, बोट लागलं तरी थरथरतो. ठिसूळ पुट्टीला त्यावर भेगा पडतात आणि एक दिवस तुमचा हिमालय जमिनीवर सापडतो. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावरही लवचीक राहतं. पांढरा, अपारदर्शक उठाव हवा असेल तर मॉडेलिंग पेस्ट मिळते. तिच्यात संगमरवराची पूड असते. आणि अर्धा डबा चोपडायचा असेल तर कॅनव्हासचा हट्ट सोडून लाकडी फळी घ्यावी, तीही आधी नीट सील करून. नाहीतर जेलमधलं पाणी लाकडातला पिवळेपणा वर ओढून आणतं आणि पारदर्शक जेलला जुन्या वर्तमानपत्राचा रंग चढतो.

मी इतकं बोलत होतो, आणि काकांचा अंगठा एव्हाना निघाला होता.

"वाळलंय का?" हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे एकच पद्धत आहे. आधी दाबायचं, मग विचारायचं.

"काका!"

"अरे, वरून तर वाळलंय की!"

संताप याचा आहे की ते खरं बोलत होते. जेल वरून आधी वाळतं. हवेला लागणाऱ्या पृष्ठभागाची कातडी काही तासांत तयार होते, आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायची वाट तीच कातडी अडवते. तीन-चार मिलिमीटरच्या थराला आतून वाळायला आठवडा सहज लागतो, दमट हवेत त्याहून जास्त. ओळखायची खूण सोपी आहे: जाड भागात खोलवर दुधी ढग दिसतोय तोवर आत ओल आहे. हात लावायची गरजच नसते. डोळे लागतात.

डब्यावर मात्र छापलेलं असतं, 'लवकर वाळते'. हो, वाळते, कागदाइतका पातळ थर दिला तर. मग डबा जाड थरासाठी विकता कशाला? व्हिडिओवाले त्याहून पोचलेले. "आता हे वाळू द्या," म्हणतात आणि पुढच्या क्षणाला बाई कोरड्या डोंगरावर ब्रश फिरवत असते. मधला आठवडा कुणी खाल्ला? कुणीतरी उतावळा मग केस वाळवायचा ड्रायर आणतो. गरम झोताने कातडी आणखी लवकर आवळते, खालचं जेल मऊच राहतं आणि पृष्ठभागाला दऱ्या पडतात. हे मला कसं माहीत, ते विचारू नका. पातळ थर द्यावेत, प्रत्येक पुरता वाळू द्यावा, आणि मॅट, म्हणजे बिनचमकीचं जेल शेवटच्या थरापुरतंच ठेवावं. मॅटचे थरावर थर चढवले की धुकं साचतं. हे दोन ओळींत डब्यावर मावलं असतं.

फाटलेली कातडी लगेच सारवायला जाऊ नये. तिचे तुकडे सुरीला चिकटून गुठळ्या होतात. तसंच सोडायचं, पूर्ण वाळल्यावर धारदार पात्याने उंचवटा कापायचा आणि खड्डा नव्या जेलने भरायचा. किंवा राहू द्यायचं. पण मला शेवटी वरून पातळ निळा ग्लेझ, म्हणजे आरपार दिसेल असा रंगाचा हात, द्यायचा आहे. तो खोलगट भागात साचतो, उंचवट्यांवरून ओल्या फडक्याने पुसला जातो, आणि त्यानेच पोत उठून दिसतो. म्हणजे काकांच्या अंगठ्याची रेघन् रेघ समुद्रापेक्षा सुबक उठणार.

"पुसून टाकतो," म्हणत काकांनी अंगठा पुसला. माझ्या खुर्चीच्या पाठीला. तिथला थर अगदी पातळ, त्यामुळे तो दहा मिनिटांत वाळला. आतून-बाहेरून. वाळलेलं अ‍ॅक्रिलिक पाण्याने निघत नाही.