स्टिअरिंगच्या अंगात येतं तेव्हा

ब्रेक मारला की आमच्या पिकअपच्या स्टिअरिंगच्या अंगात यायचं. एरवी गाडी एकदम शहाणी, सत्तरला पण कुठं हलणार नाही, पण पसरणी घाट उतरून वाईच्या सरळ रोडला लागलो आणि पुढच्या एसटीने ब्रेक मारला म्हणून आपण पण मारला की धडधडधड सुरू, हात कोपरापर्यंत हलतात, डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवतो आणि पायाखालचं पेडल आपल्यालाच उलट्या लाथा घालतं. बबनला (आमचा ड्रायव्हर) विचारलं तर म्हणे, "अण्णा, रस्ता खराब हाय." रस्ता नुकताच केलेला, पट्टे सुद्धा ओले वाटत होते.

आता आपल्याकडे गाडीचं काय बिघडलंय हे सांगायला गाडी बघावी लागत नाही. टायरवाल्याने लांबूनच सांगितलं, टायर. अलाइनमेंटवाला म्हणाला अलाइनमेंट गेलीय आणि बॅलन्सिंग पण करून घ्या, शिशाची वजनं ठोकून दिली, पैसे घेतले, आणि जाताना "हळूहळू सेट होईल" असं म्हणाला. अलाइनमेंट काय दही आहे का हळूहळू लागायला? आणि बॅलन्सिंगचा दोष असता तर एका ठराविक स्पीडला ब्रेक न मारता पण स्टिअरिंग थरथरलं असतं ना, आमचं तर पाय पेडलवर ठेवल्याशिवाय हूं की चूं करत नव्हतं. तिसऱ्याने टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट (स्टिअरिंगचे आणि पुढच्या चाकाचे सांधे) नवे टाकले. त्यातला एक खरंच ढिला होता म्हणून मी काही बोललो नाही. थरथर मात्र तशीच.

मग पुण्याहून मेहुण्याचा फोन. "दाजी, डिस्क वॉर्प झालीय, म्हणजे चाकामागची ब्रेकची तबकडी वाकलीय, पुढच्या दोन्ही बदलून टाका, मी व्हिडिओ पाठवतो." मेहुणा आयटीत आहे आणि आयुष्यात त्याने स्वतः स्टेपनी बदललेली नाही, तरी हे ऐकल्यापासून आमच्या हिने "त्याचं ऐकून तरी बघा"चा जप लावला. तिकडे वाशी मार्केटच्या दलालाला पण गाडीचा आजार कसा कुणास ठाऊक कळला, प्रत्येक खेपेला आमच्या स्ट्रॉबेरीचं पुनेट (प्लास्टिकची छोटी डबी) उघडून वरचं एक फळ बोटाने दाबायचा आणि म्हणायचा, "शेठ, माल दबलाय. गाडी हलते ना तुमची." की लगेच भाव खाली. म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्याचं याला काही नाही, पण माझ्या ब्रेकची पूर्ण माहिती.

शेवटी वाईच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं कमी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हलते कधी?" खरं सांगतो, इतक्या जणांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मग स्वतः गाडी काढली, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या आसपास बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी गपगुमान स्लो झाली. "मागचे ड्रम ठीक आहेत," म्हणाले, "हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. तुमचं पुढं आहे. स्टिअरिंग हलतं म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या डिस्का."

मी मनात म्हटलं, झालं, मेहुणा जिंकला.

चाक काढलं, आधी बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघितला, मग डिस्कला नट लावून नीट आवळली आणि चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज बसवला, त्याची टोकदार काडी डिस्कवर टेकवली आणि हाताने डिस्क फिरवायला लागले. बारीक काटा पुढं मागं, पुढं मागं. "बारा," म्हणाले. मला वाटलं बारा वाजलेत, चहाची वेळ. तर ते मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातले बारा म्हणत होते. साधारण पाचाच्या आत असलेलं बरं म्हणे. म्हणजे एवढ्याशा फरकासाठी माझा हात, गणपती, वाशीचा भाव, सगळं हलत होतं.

पण खरी गंमत पुढं. डिस्क हबवरून (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) उतरवली तर मागे हबवर गंजाची पापडी. आधी कुणीतरी काम करताना ती न घासताच डिस्क वर चढवलेली, म्हणून डिस्क किंचित तिरकी बसली. घासून साफ केलं, परत लावली, काटा चारावर आला! मी खूश, म्हटलं चला, फुकटात काम झालं. मिस्त्रींनी मायक्रोमीटर काढला आणि डिस्क गोल फिरवत ठिकठिकाणी जाडी मोजली. सगळीकडे सारखी नाही. डिस्क तिरकी फिरते म्हणून दर फेऱ्याला पॅडला (ब्रेक मारल्यावर डिस्क दाबून धरतो तो तुकडा) एकाच जागी घासते, तिथं झिजते, मग जाड-पातळ जाड-पातळ होते, जाड भाग आला की पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेकचं तेल मागे ढकललं जातं आणि पेडल तुमच्या पायाला लाथ घालतं. "वाकलेली वगैरे नाही ही," म्हणाले. मेहुणा अर्धाच जिंकला, एवढं समाधान पुष्कळ.

डिस्कवर काही निळसर डाग पण होते. ते बघून मिस्त्रींनी चष्म्यावरून बबनकडे बघितलं. "घाट न्यूट्रलला उतरतोस?" बबन म्हणाला डिझेल वाचतं. "आणि खाली टपरीवर पेडल दाबूनच उभा राहतोस?" बबनने माझ्याकडे बघितलं, मी लेथकडे. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरलं की तिथं पॅडचा मालच चिकटतो म्हणे. रात्री माझ्या इंजिनिअरिंगवाल्या पोरीने हिशोब करून दाखवला: भरलेली गाडी पावणेतीन टनाच्या आसपास, घाट साडेपाचशे मीटर उतरायचा, सगळी उष्णता ब्रेकनेच घेतली तर चाळीस लिटरच्या वर पाणी उकळेल. चारशे कटिंग! आणि हा बाबा ते सगळं चार चाकांत साठवून खाली टपरीवर एक कटिंग प्यायला उभा. न्यूट्रलचं डिझेलही वाचत नाही बरं का, आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होतं. बबनला अजून पटलेलं नाही. पण तिसऱ्यात उतरतो, तोंड पाडून.

दोन्ही डिस्का लेथवर घासून सपाट करून घेतल्या, कडेला कोरलेल्या किमान जाडीच्या आत जाणार नाहीत हे आधी तपासून. पॅड नवे. कॅलिपरची (पॅड धरणारा भाग) एक पिन जाम होती, ती साफ करून ग्रीस. चाकाचे नट मिस्त्रींनी गनने मारूच दिले नाहीत, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येतं तो) समोरासमोरचे आवळले. बिल अलाइनमेंटवाल्यापेक्षा थोडंसंच जास्त.

आता ब्रेक मारला की गाडी अशी थांबते की गणपतीला पत्ताही लागत नाही. पुढच्या खेपेला मी मुद्दाम स्वतः वाशीला गेलो, दलालासमोर पुनेट उघडलं आणि म्हटलं, बघा, गाडी रिपेअर केलीय, एक फळ दबलेलं दाखवा. त्याने एक उचललं, बोटाने दाबलं, दुसरं उचललं, परत दाबलं, आणि मान हलवली.

"शेठ, माल जरा कडक वाटतोय."