हात मोकळे, जीव टांगणीला

बाळाला छातीशी बांधून घ्यायच्या पिशवीच्या, म्हणजे बेबी कॅरिअरच्या, खोक्यावर एक बाई असते. तिचा शर्ट पांढराशुभ्र असतो आणि त्यावर दुधाचा एकही डाग नसतो. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात मोबाइल, छातीशी झोपलेलं बाळ. केससुद्धा विंचरलेले! खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘हात मोकळे’. आमच्या नणंदबाईंनी बेंगळुरूहून हे खोकं पाठवलं तेव्हा आमचे चिरंजीव जेमतेम मान धरू लागले होते आणि मी या दोन शब्दांवर भाळले.

कमरेला एक पट्टा, खांद्यांवर दोन. चौथा पट्टा पाठीवर, नेमका जिथे खाज सुटली तर आपला हात पोचत नाही तिथे. तो लावायला घरात दुसरं माणूस लागतं. म्हणजे माझे हात मोकळे व्हायला आधी नवऱ्याचे अडकतात. पण ते असो. खरी गंमत चिरंजिवांना भूक लागल्यावर सुरू होते.

कॅरिअरसोबत एक पुस्तिका येते. बाळाचं डोकं इतकं वर हवं, की आपण मान जराशी वाकवली तर टाळूचा पापा घेता आला पाहिजे, असं त्यात बजावलेलं असतं. नियम उत्तम आहे. फक्त दूध त्या मजल्यावर मिळत नाही. निसर्गाने दुकान एक मजला खाली थाटलंय, आणि पहिल्या बाळंतपणानंतर ते अजून थोडं खाली सरकतं. त्यामुळे गिऱ्हाईक उपाशी पहिल्या मजल्यावर आणि माल तळमजल्यावर. मग पट्टे सैल करायचे, कमरेचा पट्टा खाली घ्यायचा, बाळ उतरवायचं. पण बाळ खाली गेलं आणि पट्टे सैल झाले, की पुस्तिकेतले निम्मे नियम मोडले!

हे नियम कोणा रिकामटेकड्याने केलेले नाहीत. पट्टा अंगाशी घट्ट, चेहरा सतत आपल्या नजरेसमोर, डोकं पापा घेण्याइतकं जवळ, हनुवटी छातीपासून निदान एक बोट सुटलेली, पाठीला आधार. लहान बाळाचं डोकं जड, मानेत जोर नाही आणि श्वासनळी मऊ. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दुमडते. शिवाय बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, आणि ते नाक पाजताना आपल्याच अंगात दबू शकतं. अशा वेळी बाळ रडेल, हातपाय झाडेल, असं आपण धरून चालतो. ते काहीही करत नाही. गप्प होतं. आपल्याला वाटतं, झोपलं गुणाचं! अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 मध्ये झोळीसारख्या स्लिंगांबद्दल इशारा दिला, तो चार महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना विशेष जपा असा होता. ब्रिटनमधली ‘ललबाय ट्रस्ट’ ही बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी झटणारी संस्था तर स्पष्टच सांगते, की बाळाला कॅरिअरमध्ये ठेवून, हात सोडून पाजू नका.

म्हणजे पाजायचंच असेल, तर एक हात बाळाच्या मानेखाली, दोन्ही डोळे त्याच्या नाकावर, आणि पोट भरलं की लगेच पुन्हा वर घेऊन पट्टे आवळायचे. राहिला एक हात. त्याने कॉफी प्या.

पण पुस्तिका लिहिणाऱ्यांना आमच्या सासूबाई माहीत नव्हत्या. चेहरा सतत दिसला पाहिजे असं मी म्हणते, तर चेहरा कुणालाही दिसता कामा नये असं त्यांचं म्हणणं.

“अगं, उघड्यावर पाजतेस? दृष्ट लागेल पोराला!”

“आई, श्वास दिसायला हवा त्याचा.”

“श्वास काय बघायचा? आम्ही पदराखाली पाच-पाच पोरं वाढवली.”

आणि माझ्या काही लक्षात यायच्या आत वरून दुपटं पडतं. मी काढते, त्या टाकतात. मग मालिशवाल्या मावशी मध्यस्थी करतात आणि दुपट्याऐवजी टोपडं घालतात, जे चिरंजिवांच्या नाकापर्यंत येतं. बाहेर पडलं तर रस्त्यातली कोणतीही काकू रिक्षा थांबवून सांगते, “ताई, ओढणी घ्या, बाळाला वारं लागतंय.” महाराष्ट्रात वाऱ्यासारखा बाळाचा शत्रू नाही. गुदमरणं बहुधा त्यामानाने किरकोळ.

सासूबाईंची एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्या पदराखाली पाजत, पण बसून. मांडीवर बाळ, मानेखाली हात, आणि मिनिटामिनिटाला पदर उचलून आत डोकावणं. चालता चालता पाजायचं, वर भाजीही घ्यायची, हे खूळ त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. हात मोकळे असावेत असंही त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात साताऱ्याला निघाले होते. बस यायला वेळ होता, चिरंजिवांनी सूर लावला, म्हणून स्टँडवरच्या हिरकणी कक्षात शिरले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव या खोल्यांना कुणी दिलं असेल त्याला माझा नमस्कार. तिच्या पाठीवर बकल नव्हतं, एवढंच. आत फलटणकडची एक बाई लेकराला मांडीवर घेऊन निवांत पाजत बसली होती. माझी पट्टे सोडण्याची खटपट तिने बराच वेळ पाहिली.

“कंबर धरलीया का ताई?”

“नाही हो. हे बाळाचं आहे. यातच पाजता येतं.”

“बसलायसा न्हवं आता?”

“हो.”

“मग काढा की त्याला भाईर.”

ब्रिटनमधली संस्था, अमेरिकेतला आयोग आणि फलटण यांचं इतकं एकमत मी प्रथमच पाहत होते. मी बाळाला बाहेर काढलं. तो पाच मिनिटांत पिऊन, ढेकर देऊन, माझ्या खांद्यावर नक्षी काढून मोकळा झाला. मग बाईने स्वतःच उठून माझ्या पाठीवरचं बकल लावलं. बाळ वर घेऊन पट्टे आवळले, टाळूचा पापा घेऊन उंची तपासली. तिला वाटलं माया आली.

तिने कॅरिअर सगळीकडून चाचपून पाहिलं. शिवण बरी आहे म्हणाली. मग किंमत विचारली. मी लाजून निम्मीच सांगितली.

“अगं बया! वर थोडं घातलं असतं तर दुधाची शेळी आली असती की.”

खरी किंमत सांगितली असती तर करडासकट आली असती.