‘चमचा कुजला नाही’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

घरच्या मुंजीसाठी आमच्या मल्हारगंजातील दुकानातून आपण नेलेल्या चमच्यांविषयी एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत. जिवाणूंनी तयार केलेल्या प्लास्टिकचा म्हणून घेतलेला चमचा बाल्कनीतील कुंडीत दोन महिने पुरून ठेवला, तरी जसाच्या तसा निघाला. लाकडी चमच्याच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागली. आणि प्लास्टिकच्या कचऱ्यापासून जिवाणू कुजणारे पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे द्रव्य, बनवतात असे वाचून आपण नव्या फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोल आणून दिले, तेव्हा ते आम्ही घेतले नाही. यावरून हा सारा प्रकार फसवणुकीचा आहे असे आपण लिहिले आहे. तो निष्कर्ष मला मान्य नाही. का नाही, ते इतर गिऱ्हाइकांनाही कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थर्माकोलपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. आपण जे वाचले ते खोटे नाही. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, आणि त्यापासून कुजणारे प्लास्टिक बनवण्याचा प्रयोग डब्लिनच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. मात्र त्यात जिवाणूंपुढे थर्माकोल नुसते टाकून दिलेले नव्हते. पॉलिस्टायरीन म्हणजे स्टायरीनच्या रेणूंची लांबच लांब साखळी, ती जिवाणूंच्या पेशीत शिरू शकत नाही, म्हणून आधी ते ५२० अंश सेल्सिअसला, हवेतील प्राणवायूशी संबंध येऊ न देता तापवून त्याचे तेल करण्यात आले. ते बहुतांशी स्टायरीनचे असते, आणि स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूच्या सीए-३ या वाणाला स्टायरीनवर जगता येते. अशा जिवाणूला कार्बन मुबलक मिळाला, पण नायट्रोजन तुटपुंजा ठेवला, की तो वाढ आवरती घेतो आणि जास्तीचा कार्बन पेशीतच कणांच्या रूपात साठवतो, सुगीतले धान्य कणगीत भरून ठेवावे तसा. ते कण म्हणजेच पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट, आमच्या धंद्यातल्या बोलीत पीएचए. पाण्याच्या बाटल्यांच्या पेट प्लास्टिकचेही असेच रूपांतर २००८ साली करून दाखवण्यात आले, आणि त्यासाठीचे जिवाणू पेटच्या बाटल्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या मातीतच सापडले होते, ही गोष्ट मला फार आवडते.

पेट थेट खाणारा जिवाणूही आहे. जपानमध्ये साकाई येथे मिळालेल्या आयडिओनेला साकाएन्सिस या जिवाणूचे वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झाले. परंतु ३० अंशांना पेटचा एक पातळ पापुद्रा संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि तो पापुद्राही बाटलीच्या घट्ट प्लास्टिकपेक्षा पचायला सोपा होता. थर्माकोल हे त्याचे अन्न नव्हे. हे सारे करायला भट्टी, निर्जंतुक टाक्या आणि प्रयोगशाळा लागते. आमचे पत्रावळी-द्रोणांचे दुकान आहे. थर्माकोल महापालिकेच्या कचरागाडीत प्लास्टिकच्या कप्प्यात द्यावे, असे आमच्या मुलाने सांगितले ते योग्यच होते. शिवाय आपण नेलेला चमचा प्लास्टिकच्या कचऱ्यापासून झालेला नाही. तो वनस्पती तेलावर वाढवलेल्या जिवाणूंच्या पीएचएचा आहे आणि पाकिटावर तसेच छापलेले आहे.

आता कुंडीविषयी. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस १७०८८ हे मानक आहे. त्या चाचणीत नमुना सुमारे ५८ अंशांच्या ओलसर, जिवंत कंपोस्टमध्ये ठेवतात, आणि १८० दिवसांच्या आत त्यातील ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. बाल्कनीतील कुंडी एवढी तापत नाही. पीएचएचे वैशिष्ट्य असे की त्याला ही उष्णता अत्यावश्यक नसते. मातीतले जिवाणू आणि बुरशी विकरे (पाचक रस) सोडून ते साध्या तापमानालाही तोडतात आणि खातात. पण ते काम पृष्ठभागावरून आत सरकत जाते. म्हणून पातळ पिशवी लवकर जाते आणि जाड चमचा बराच काळ टिकतो, आणि वरचेवर कोरड्या पडणाऱ्या, शेणखत नसलेल्या कुंडीत तर हे काम जवळजवळ थांबते. चमचा आठवडाभरात विरघळला असता, तर तो दुकानाच्या फळीवरच पावसाळ्यात खराब झाला असता, हेही लक्षात घ्यावे.

किमतीबद्दल एवढेच, की फ्रान्समध्ये मॉरिस लेम्वान यांनी १९२६ साली जिवाणूंत हे द्रव्य शोधले, तरी ते आजही स्वस्त झालेले नाही. जिवाणूंना पोसायचे, मग पेशी फोडून कण वेगळे काढून शुद्ध करायचे, हा खर्च खनिज तेलाच्या प्लास्टिकला नसतो. गरम सारात मऊ न पडणारा चमचा हवा, असे आपण सांगितल्यामुळे हा दाखवला होता. मक्याच्या स्टार्चपासून होणाऱ्या पीएलएचा साधा चमचा स्वस्त मिळतो, पण तो साधारण ६० अंशांनाच लवचीक होतो.

आपण तो चमचा दुकानात आणून द्यावा. मागच्या परसात आमचा शेणखताचा खड्डा आहे, त्यात तो आपल्यासमोर पुरतो आणि पावसाळ्यानंतर काढून दाखवतो. न उघडलेली पाकिटे उरली असल्यास त्यांचे पूर्ण पैसे परत मिळतील. वापरलेले चमचे मात्र घरच्या ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, कारण ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाकडे जाणारा कचरा निवडणाऱ्या माणसाला पीएचए आणि साधे प्लास्टिक नजरेने वेगळे ओळखता येत नाही. आणि पुढचे कार्य पंगतीचे असेल, तर पळसाची पत्रावळ घ्यावी, असे मी दुकानदार असूनही सांगेन. वरण-भाताला चमचा लागतच नाही.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, मल्हारगंज, इंदूर