भुताच्या गोष्टीत आरक्षण?

समर कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशी लेक डफल बॅगेवर बसून वाचत होती, तिचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक काळी मुलगी. कसलं पुस्तक म्हणून कुणीतरी विचारलं, मी सांगितलं: कॅम्पातल्या खुनांची भयकथा, किशोरवयीन मुलांसाठी, नायिका आफ्रिकन-अमेरिकन. तासाभरात पुण्याहून मामेभावाचा मेसेज: ‘तुमच्या अमेरिकेत आता भुताच्या गोष्टीतही आरक्षण आलं का?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग त्याने जरा गंभीरपणे लिहिलं, ‘भुताला रंग कळतो का? गोष्ट चांगली असली की झालं. धारप-मतकरी वाचताना आपण कधी कुणाची जात विचारली होती?’

हे शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. दादा, आपण जात विचारली नव्हती, कारण विचारावी लागतच नव्हती. मे महिन्यात आजोळच्या माजघरात, कंदिलाच्या उजेडात आपण ती पुस्तकं वाचली, आणि गोष्टीतला वाडा, त्यातली देवघरं, तिथली आडनावं सगळी आपल्याच ओळखीची वाटायची. माझं त्या पुस्तकांवर आजही प्रेम आहे. पण भुतांना काही कळत नाही हे मला पटवू नकोस. मुंजा कोण? मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. समंधही बहुतेक ब्राह्मणच. खवीस मुसलमानाचा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. आपल्याकडे माणूस मेल्यावरही त्याची जात, धर्म, बाईपण काही सुटत नाही, पिंपळसुद्धा ठरलेला असतो. मग अमेरिकेतल्या भुतांनीच तेवढं रंगाच्या पलीकडे का जायचं?

मी राहते न्यू जर्सीत. 1980 सालचा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हा भयपट इथेच, ब्लेअर्सटाउनच्या आसपास चित्रित झाला. तळं, केबिन, जंगल आणि एकेक करून मरणारी तरुण मुलं, हा साचा त्याच्यामुळे घरोघरी पोचला. अशा गोष्टीत शेवटी एक मुलगी वाचते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी 1987 मध्ये तिला ‘फायनल गर्ल’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. ही मुलगी वर्षानुवर्षं गोरी होती. काळं पात्र असलंच तर मैत्रीण म्हणून, नाहीतर लवकर मरण्यासाठी. 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये ड्वेन जोन्स या काळ्या नटाने नायक केला होता. तो रात्रभर प्रेतांशी झुंजतो, जगतो, आणि सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी गोरी माणसं त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. हा शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांनी तरी ‘गोष्ट चांगली असली की झालं’ म्हणू नये. गोष्ट उत्तमच आहे. ती पाहून घरी गेलेल्या काळ्या मुलीने काय समजायचं?

लेक वाचत होती ते केलिन बेरनचं ‘यू आर नॉट सपोज्ड टू डाय टुनाइट’, 2023 चं. त्यातली चॅरिटी एका जुन्या भयपटाच्या जागेवर चालणाऱ्या कॅम्पात नोकरी करते. पैसे देऊन घाबरायला आलेल्या लोकांसमोर रोज रात्री ती ‘फायनल गर्ल’चं काम करते, आणि एके दिवशी सोबतची मुलं खरोखरच नाहीशी व्हायला लागतात. गोऱ्या मुलीसाठी शिवलेला पोशाख इथे काळ्या मुलीच्या अंगावर आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या एका कथासंग्रहाचं नाव तर ‘द ब्लॅक गर्ल सर्व्हाइव्ह्ज इन धिस वन’, म्हणजे ‘या गोष्टीत काळी मुलगी वाचते’, असंच आहे. दादाला हे नाव हट्टी वाटेल. मला ते फार उशिरा वाजवलेलं दार वाटतं.

आरक्षण म्हणतोस, तर आकडे ऐक. 1965 च्या सप्टेंबरात इथल्या शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी एक लेख लिहिला. तीन वर्षांत निघालेल्या 5,206 बालपुस्तकांची पाहणी त्यांनी केली होती. त्यातल्या फक्त 349 पुस्तकांत एखादं तरी काळं माणूस होतं, म्हणजे शंभरात सातसुद्धा नाहीत. लेखाची सुरुवात पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीच्या प्रश्नाने होते: पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात? शंभरातली त्र्याण्णव पुस्तकं एकाच रंगासाठी राखून ठेवलेली होती, तेव्हा आरक्षण हा शब्द कुणाला सुचला नव्हता.

आणि कॅम्पातलं तळं. लेकीच्या कॅम्पात पहिल्याच दिवशी स्विम टेस्ट होते आणि पोहणं किती येतं त्यानुसार मनगटावर रंगाची पट्टी बांधतात. तिच्यासोबत तिची काळी मैत्रीण जाते. निघण्याआधी त्या मैत्रिणीची आई अख्खी दुपार खुर्चीत बसवून तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालते. तळ्यातलं पाणी, घाम, उन्हं सोसून त्या महिनाभर टिकायला हव्यात, कारण कॅम्पात मुलांना सांभाळणाऱ्या एकाही काउन्सेलरला ते केस सोडवता येत नाहीत. बॅगेत सॅटिनची टोपी जाते, झोपताना घालायला. पोहणं तर तिला चौथ्या वर्षापासूनच शिकवलंय, जिद्दीने. इथे स्विमिंग पूलमध्ये बुडून मरणाऱ्या दहा ते चौदा वयाच्या काळ्या मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सातपटीहून जास्त आहे, आणि त्याचं एक कारण म्हणजे त्यांच्या आजी-आजोबांना पुष्कळ ठिकाणी पाण्यात उतरूच दिलं नव्हतं. आमच्याच राज्यातल्या पॅलिसेड्स अम्यूझमेंट पार्कमधला स्विमिंग पूल काळ्यांना बंद होता. 1947 च्या उन्हाळ्यात आपण स्वातंत्र्याची तयारी करत होतो, तेव्हा त्या पार्कच्या दारात निदर्शनं चालू होती. महाडचं तळं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाण्याची ही भीती समजवायला लागू नये. भयकथेतली काळी मुलगी तळ्याकाठी उभी राहते, तेव्हा पाण्यातून हात वर यायच्या आधीच गोष्ट सुरू झालेली असते.

पुण्याच्या माणसाला तर हे परकं नसावं. जोतिबांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दलित पँथरने 1972 मध्ये नाव घेतलं ते इथल्याच ब्लॅक पँथरवरून.

आता कुणी म्हणेल, तुमच्या अमेरिकेत तर ग्रंथालयांतून पुस्तकं काढताहेत. काढताहेत, आणि त्यात असली पुस्तकं पहिली जातात. पण फ्लोरिडासारख्या राज्यांचं मला ऐकवू नका. माझ्या राज्याने 2024 च्या डिसेंबरात ग्रंथपालांना संरक्षण देणारा कायदा केला. आमच्या गावच्या लायब्ररीत टीन विभागाची बाई मुलांना नावाने ओळखते, आणि बारा वर्षांच्या मुलीने भयकथा मागितली तर ‘तुझ्या आईला विचारलंस का’ म्हणत नाही, आणखी दोन काढून देते. हे मला आवडतं, मला त्याचा अभिमान आहे.

अभिमान म्हणते खरी, पण हे श्रेय माझं नाही. आपली माणसं इथे येऊ शकली ती 1965 च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि नागरी हक्कांची चळवळ झाली नसती तर तो झाला नसता. ज्यांनी मार खाऊन हा रस्ता केला, त्यांच्याच वस्त्यांपासून लांब घर घ्यायचं ठरतं तेव्हा आमच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, ‘शाळा चांगल्या आहेत’ एवढंच म्हणतात. सगळ्यांना सगळं कळतं. त्या टेबलावर मीही असते.

कॅम्पला सोडायला निघालो, तेव्हा मागच्या सीटवर दोघींचं चाललं होतं. मैत्रीण सांगत होती, जुन्या सिनेमांत आम्ही आधी मरतो. लेकीने विचारलं, ‘आणि आम्ही?’ मैत्रिणीने बराच विचार केला. म्हणाली, ‘तुम्ही नसताच.’ मी गाडी चालवत होते. मरणाऱ्यांत नाही, वाचणाऱ्यांत नाही, त्या कॅम्पात आम्ही आलेलोच नाही. माझं या देशातलं इतक्या वर्षांचं राहणं कुणी एवढं नेमकं सांगितलं नव्हतं. पुण्याला गेल्यावर मी पाहुणी असते, हे आणखी वेगळं.

म्हणून दादा, तू चिडवलंस ते मला एवढं लागलं. त्या मुलींकडे आता शेल्फभर पुस्तकं आहेत आणि मला त्यांचा हेवा वाटतो. मला एक मराठी गोष्ट हवी आहे. वेल्ह्याच्या बाजूला कुठेतरी उन्हाळी शिबिर, जुना वाडा, आडात काहीतरी आहे, आणि वस्तीतून आलेली एक तेरा वर्षांची मुलगी शेवटपर्यंत जगते. कुणी लिहिली तर पहिली प्रत मला पाठव, पोस्टेज कितीही पडो. लेकीला मी ती मोठ्याने वाचून दाखवीन, तिला जोडाक्षरं अजून अडतात.