कुकीच्या भरवशावर राहू नका

अ‍ॅफिलिएटसाठी, म्हणजे लिंक पाठवून विक्रीवर कमिशन घेणाऱ्यांसाठी, ३० दिवसांची कुकी (गिऱ्हाईक कोणाच्या लिंकवरून आलं याची त्याच्याच ब्राउझरमध्ये राहणारी नोंद) पुरते, हे तुमच्या लेखातलं म्हणणं कागदावर ठीक. पण अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने (वेबपानावर चालणाऱ्या कोडने) ठेवलेली कुकी ७ दिवसांतच उडते! त्यात आमचा धंदा साड्यांचा. पुण्यातलं गिऱ्हाईक लिंक मोबाइलवर बघणार, लक्ष्मी रोडला जाऊन भाव ताडून येणार आणि मग ऑर्डर लेकीच्या लॅपटॉपवरून. लिंक पाठवणाऱ्या ताईंच्या हाती भोपळा. म्हणून आम्ही प्रत्येकीला स्वतंत्र कूपन कोड दिलाय. ऑर्डर कुठूनही येवो, नोंद होते. कमिशन सवलतीनंतरच्या, जीएसटी वगळलेल्या रकमेवर, आणि साडी परत करायची मुदत संपल्यावरच. हे आधी लेखी द्या, नाहीतर वाद ठरलेला. टीडीएसबद्दल (कमिशन देतानाच कापायच्या आयकराबद्दल) मात्र लेखात अवाक्षर नाही. कमिशनवरचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला, एवढं तरी लिहायचंत.