मिठाचे पाणी पाजू नये
कुत्र्याने चॉकलेट खाल्ल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, हा लेखातील सल्ला कृपया काढून टाकावा, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम वाढून ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. उलटी करवायची की नाही हे पशुवैद्यकांनीच ठरवावे. त्यांना फोन करताना कुत्र्याचे वजन, चॉकलेटचा प्रकार, अंदाजे किती व केव्हा खाल्ले, एवढे सांगावे. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमाइन (चॉकलेटमधील, कुत्र्यांना विषारी ठरणारे द्रव्य) पोटात गेले तरी उलट्या, जुलाब, अस्वस्थता दिसू शकते आणि ६० च्या आसपास झटकेही येतात. डार्क चॉकलेटमध्ये आणि विशेषतः कोको पावडरमध्ये हे द्रव्य मिल्क चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त असते. लक्षणे दिसायला काही तास लागतात, म्हणून कुत्रा खेळतो आहे एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.